पाद्री कोनराडचं खोडलेलं नाव

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर स्वस्थ बसेल ती शुभदा कसली! निवृत्त होताच ती जुनी जर्मन हस्ताक्षरं वाचायला शिकली, आणि घरातच पंचाईत करून बसली.

सासरे एवाल्ड अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. ती त्यांना 'अहो ओपा', म्हणजे 'अहो आजोबा', म्हणायची, आणि एव्हाना ते नुसत्या 'अहो'लाही ओ द्यायचे. पाचशे वर्षांपूर्वी राजाने पाद्र्यांवरही कर बसवला, तेव्हा गावच्या पाद्री कोनराडने तो द्यायला साफ नकार दिला, म्हणून कराच्या यादीतून त्याचं नाव खोडलं गेलं, असं ओपांनी चाळीस वर्षांपूर्वी एका पुस्तिकेत लिहिलं होतं. तेव्हापासून गाव दर उन्हाळ्यात कोनराडचा उत्सव करायचं. यंदा पुस्तिका पुन्हा छापायची होती, म्हणून शुभदा मूळ यादी बघायला आर्काइव्हमध्ये गेली.

यादीत कोनराडसकट बरीच नावं खोडलेली होती. ती बघताच तिला माहेरची उधारीची वही आठवली. चिपळूणला तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. उधारी चुकती झाली की ते वहीतल्या नावावर अशीच आडवी रेघ मारत. शेवटच्या पानावर कारकुनाने लिहूनच ठेवलं होतं, की खोडलेल्यांचा कर पोचला. म्हणजे कोनराडने निमूटपणे पैसे भरले होते.

"गप्प बस," नवरा म्हणाला. "या वयात त्यांना हे सोसायचं नाही."

पुस्तिका ही म्हाताऱ्याची जन्माची कमाई होती, हे तिलाही कळत होतं. पण खोटं छापायला हात धजेना. तिचं कौतुक करावं ते इथे. कुणाला मध्ये न घालता ती यादीची प्रत घेऊन थेट त्यांच्यासमोर बसली.

"अहो ओपा, तुमचं चुकलंय."

ओपांनी भिंग लावून तासभर वाचलं. "गेनाऊ, तुझं बरोबर आहे," एवढंच म्हणाले, आणि तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ते तीन दिवस तिला घास गोड लागला नाही.

उत्सवात ते स्वतः माइकपाशी गेले आणि कोनराडने कर भरला होता, हे सांगून मोकळे झाले. कुजबूज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाहेरून आलेल्या सुनेने आमचा कोनराड घालवला!" शुभदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाळीस वर्षं चूक माझी होती आणि टाळ्या तुमच्या," ओपा म्हणाले. "यादी नीट वाचली ती हिने एकटीने. कुणाला काही बोलायचं असेल, तर आधी मला बोला."

ओपा माइकपासून बाजूला सरकले.

"ये शुभदा. पुढचं तू सांग."