अर्ध्यावर थांबलेला हात

सहलीच्या बैठकीत सावंतबाईंचा हात वर गेला आणि अर्ध्यावरूनच वळून केस सारखे करू लागला. मी मुख्याध्यापिका, समोरच बसले होते. मला ते दिसलं, तरी मी पुढचा विषय घेतला.

आठवड्याने आम्ही गडाच्या पायथ्याशी उतरलो. मुलं पायऱ्यांकडे धावली. सावंतबाईंच्या वर्गातली मेघना कुबड्या सावरत बसच्या दाराशीच उभी राहिली. तिचा मला विसरच पडला होता. बाई म्हणाल्या, "मी थांबते हिच्याजवळ. तुम्ही जा."

मी वर गेले, पण माझं लक्ष लागेना. खाली आल्यावर बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "बैठकीत का नाही बोललात?"

"मागच्या वेळी बोलले होते. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, अडचणी सांगायला सगळे पुढे असतात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला ते वाक्य आठवतही नव्हतं. आमच्या बैठका वीस मिनिटांत संपतात, कुणी वाद घालत नाही, हे मी कौतुकाने सांगत आले. त्या शांततेला मी शिस्त समजत होते. माणसं माझ्यासमोर गप्प राहायला शिकली होती, आणि ते त्यांना मीच शिकवलं होतं.

मी मेघनाजवळ जाऊन बसले. "चुकलं माझं," म्हटलं.

ती समजूतदारपणे हसली. "असू दे, बाई. वरून आपली शाळा दिसते का हो?"

मी वर जाऊन आले होते, पण तिथून काय दिसतं ते पाहिलंच नव्हतं.