बाईंच्या बाजूचा ब्रेक

गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवलेली होती आणि बाई खाली उभ्या राहून तिचं पोट बघत होत्या. ज्या गाडीच्या जोरावर तेवीस वर्षं संसार रेटला, तिला खालून बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. पत्रा जागोजागी गंजला होता. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तर तो आरपार गेला. त्याने तो हळूच बाहेर काढला आणि बाईंकडे न बघता फडक्याला पुसला. चांगला माणूस होता, वाईट बातमी सांगायची वेळ आली की काहीतरी पुसत बसायचा.

नवरा गेला तेव्हा बाईंच्या पदरात सात वर्षांचा मुलगा आणि दारात ही नवीकोरी गाडी, एवढंच होतं. गाडी विका, असं सगळ्यांनी सांगितलं. बाईंनी ती विकली नाही. शेजारच्या सीटपुढे क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी बसवून घेतली, छपरावर पिवळी पाटी लावली आणि गाडी शिकवायला सुरुवात केली. हात धरून नव्हे, पाय धरून, असं लोक म्हणायचे. शिकणाऱ्याने जरा चूक केली, किंवा नुसती करायचा विचार केला, की बाईंचा पाय आधी पडायचा. त्यामुळे त्यांना गावभर ब्रेकबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, पण बाईंच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. तेवीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे त्या ओळख झाल्याच्या दुसऱ्या मिनिटाला सांगत.

परीक्षेलाही बाई शेजारीच बसत. परीक्षक मागच्या सीटवर कागदात डोकं घालून. चढावर गाडी मागे घसरायला लागली की बाईंचा पाय गुपचूप काम करायचा, आणि उमेदवार पास. यात आपण काही लबाडी करतो असं बाईंना कधी वाटलं नाही. लेकराचं बोट धरणं ही काय लबाडी झाली?

पास झालेल्या बायका पुढे त्यांना बसस्टॉपवर भेटत. हातात पिशव्या, पर्समध्ये लायसन्स. गाडी चालवता की नाही विचारलं की हसून म्हणत, बाई, तुम्ही शेजारी नसलात की हातपाय गळतात. बाईंना ही स्तुती वाटायची. कुणालाही वाटली असती. त्यांचा पोटचा मुलगासुद्धा अठराव्या वर्षी पहिल्या फटक्यात पास झाला आणि आजतागायत सायकलने कामावर जातो. तब्येतीला बरं, असं तो सांगतो.

तर मिस्त्रीने तीन वाटा मांडल्या. एक, दुरुस्ती. खालचा पत्रा कापून नवा जोडायचा, क्लच प्लेट बदलायची, ब्रेकचं काम करायचं. घरच्या वापराला गाडी आणखी तीन-चार वर्षं सहज जाईल. पण शिकवणीची परवानगी महिनाअखेर संपत होती, आणि इतक्या जुन्या गाडीला ती पुन्हा मिळणार नव्हती. दोन, विक्री. बाजारापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला ती सुट्या भागांसाठी हवी होती, त्यातही पेडलांची दुसरी जोडी आधी. तीन, भंगार. यार्डवाले स्वतः येऊन उचलून नेतील.

म्हणजे कुठूनही गेलं तरी शाळा बंद. हे मिस्त्री बोलला नाही, पण बाईंना कळलं. दुसरी गाडी घेण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. उद्यापासून सकाळी सहाला उठून करायचं काय? मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला, भंगारात घाल आई, किती ओढशील.

सुनेचा जीव मात्र वेगळ्याच ठिकाणी टांगणीला लागला होता. ती फिजिओथेरपिस्ट. पडून असलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन त्यांना उभं करायचं, अशी तिला नोकरी मिळत होती. संस्था गाडी देणार होती, ड्रायव्हर नाही. लायसन्स महिनाभरात दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि ही बया दीड वर्षापासून सासूकडे गाडी शिकत होती. बाहेरचे लोक वीस दिवसांत सुटत, पण घरच्या माणसाला कोण सोडतो? अजून हात बसला नाही, बाई म्हणायच्या. पुढच्या महिन्यात बघू. सुनेने एकदा दुसऱ्या स्कूलचा विषय काढला, तेव्हा बाई दोन दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मास्तरणीच्या सुनेने परक्याकडे शिकायला जायचं म्हणजे आचाऱ्याच्या घरी बाहेरून डबा आल्यासारखं. सुनेने तो विषय पुन्हा काढला नाही. आपल्यालाच जमत नाही, अशी तिची पक्की समजूत होऊन बसली.

मिस्त्रीने लिफ्ट खाली घेतली, दोन्ही बाजूंची दारं उघडली आणि पुन्हा फडकं शोधलं.

"बाई, एक सांगतो, राग मानू नका. ही पाचवी क्लच प्लेट. मला वाटायचं, शिकणारी माणसं, जाळणारच."

"मग?"

"वाका जरा. हे बघा."

ड्रायव्हरच्या पायाखालच्या पेडलांवर रबराच्या रेघा अजून नीट मोजता येत होत्या. बाईंच्या बाजूला रबर उरलंच नव्हतं. लोखंड झिजून मधोमध खोलगट झालं होतं आणि गुळगुळीत चमकत होतं.

बाई म्हणाल्या की त्या बाजूचं रबर मध्ये कधीतरी बदललं असेल. मिस्त्रीने मान हलवली. या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि त्याने रबर बदललेलं नव्हतं.

"पाय तुमचा आहे, बाई. तो उठतच नाही. तेवीस वर्षं गाडी तुम्हीच चालवलीत. बाकीचे नुसते स्टिअरिंग धरून बसले होते."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मिस्त्रीने नट-बोल्ट सांभाळावेत, शिकवणं काय असतं ते आपल्याला सांगू नये, असं काहीसं बोलून त्या गॅरेजमधून तरातरा निघाल्या. पण पाय चालत असले की डोकंही चालतं. रस्त्यात त्यांनी आठवून बघितलं, आपल्या हाताखालून गेलेली कोण कोण माणसं आज गाडी चालवतात. तीन नावं आठवली. त्यातली एक मुलगी भांडून मध्येच सोडून गेली होती आणि भावाकडे शिकली होती. उरली दोन. शेकड्यांनी माणसं येऊन गेली आणि उरली दोन. बाईंना लाज वाटली. साठीनंतर अशी लाज वाटली की ती ठेवायची कुठे तेही कळत नाही. त्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. दुकानदाराने पाणी दिलं.

आणि सुनेचं काय केलं आपण? दीड वर्ष तिच्या पायावर पाय ठेवला, गाडी हिसके खाते म्हणून तिलाच बोल लावला. हिसके तर आपलेच होते. ती क्लच सोडत होती आणि आपण धरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॅरेजवर गेल्या. त्यांनी दुरुस्ती सांगितली. पत्रा, प्लेट, ब्रेक, सगळं. "आणि माझ्या बाजूची पेडलं काढून टाका," म्हणाल्या. मिस्त्रीने विचारलं, पाटी? बाई पाटीही काढा म्हणाल्या. मिस्त्रीला पुसायला काही सापडेना, म्हणून तो स्वतःचा चष्माच पुसत बसला.

बारा दिवसांनी गाडी आली. सुनेच्या परीक्षेला आता आठवडा उरला होता. सून स्टिअरिंगवर बसली, बाई शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. पायाखाली नुसतं मॅटिंग. पहिल्या वळणाला बाईंचा पाय आपोआप दाबला गेला आणि काहीच झालं नाही. गाडी वळली मात्र व्यवस्थित. हिसका नाही, धक्का नाही. सुनेने चमकून सासूकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. कबूल करायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण चालत्या गाडीत नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर मध्येच सिग्नलची रांग लागली. गाडी थांबवावी लागली. रांग हलली तशी सुनेने क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि वीतभर मागे घसरली. मागच्याने हॉर्न वाजवला. बाईंच्या तोंडून "अगं, अगं" एवढंच निघालं. हात हँडब्रेककडे गेला. सुनेने पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिने हँडब्रेक स्वतः ओढला, धोक्याचे दिवे लावले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आई, तुम्ही खाली उतरता का?"

"चढावर? एकटी?"

"तुम्ही श्वास धरून बसलात की मलाही घेता येत नाही."

दीड वर्षात सून पहिल्यांदा असं बोलली होती. बाईंनी पर्स खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "दीड वर्ष तुला जमत नव्हतं ना, ते तुला जमत नव्हतं असं नाही. मी जमू देत नव्हते. माझा पाय असायचा क्लचवर." एवढं बोलून त्या दार उघडून उतरल्या. सुनेला काही बोलायला त्यांनी वेळच दिला नाही, कारण आपल्याला रडू येईल अशी त्यांना भीती होती.

फुटपाथवर कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. मागचे गाडीवाले बाजूने निघून गेले. गाडीचा आवाज थोडा चढला, चाकं किंचित थरथरली, मग गाडी पुढे सरकली, आणि सरकतच राहिली. वर गेली, पुलाच्या माथ्यावर एकदा दिसली आणि पलीकडे उतरली. पुढच्या चौकातून वळून येईल, बाईंनी हिशेब केला, पाच मिनिटं.

दहा झाली. पंधरा झाली. बाईंच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते उभं राहिलं. तेवीस वर्षांत न झालेले सगळे अपघात त्या पंधरा मिनिटांत होऊन गेले. फोन करावा तर ती चालवता चालवता उचलेल, या धास्तीने हातातला फोन हातातच. ऊन चढत होतं. त्यांना स्वतःचा राग आला, मिस्त्रीचा आला, मग कुणाचाच येईना.

पंचविसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"आई, बाजारातून आले मी. त्या गर्दीतून. कुठ्ठे अडले नाही. दारात लावली आहे गाडी, उलटी घेऊन." ती धापा टाकत होती. "तुम्ही कुठे आहात? घरात नाही दिसत."

बाईंनी सांगायच्या आधीच तिचं तिलाच आठवलं.

"अगंबाई. आई, तुम्ही पुलावर. मी विसरलेच हो तुम्हाला. थांबा तिथेच, आले मी न्यायला."

बाईंनी कठड्यावरचा हात काढला. इतकी माणसं शिकवली, त्यांना विसरून गेलेली ही पहिलीच. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, पुलावर त्यांना ओळखणारं कोण होतं?

"ये," त्या म्हणाल्या. "सावकाश ये. आणि मी मागे बसणार आहे."