आर्डिसचं लग्न आणि एल्विनचा कप्तान

आर्डिस प्लेस्टेडनं उभ्या जन्मात कुणाची वाट पाहिली नव्हती. पेनक्रॉफ्ट गावातल्या हौशी नाटकांचे कपडे तीच शिवायची. नट उशिरा आला, तर एका बाहीनिशी त्याला रंगमंचावर ढकलायची. काय दिवस होते ते! नवरा गेल्यावर छपरावरचं बर्फही तिनं एकटीनं उतरवलं. आणि आता सत्तरीत या एल्विन थर्लोनं तिला ताटकळत ठेवलं होतं.

लग्न ठरलेलं. पण एल्विनला आधी आपल्या मूळपुरुषाचं चरित्र जुळवायचं होतं. जोथम थर्लो, इंग्लंडहून गलबतानं अमेरिकेत येऊन हे गाव वसवणाऱ्यांपैकी एक. ‘गावानं त्याला तीनदा निवडून दिलं,’ असं घरात सांगत. कशासाठी, ते सगळे विसरले होते. एल्विननं परस्पर ठरवलं, कप्तान! गावच्या नाटकात जोथमची भूमिका करायला आर्डिसकडून सोनेरी बटणांचा कोटही शिवून घेतला, वर एक तलवारही आणली.

"मार्चची गावसभा होऊन जाऊ दे, मग लग्न," तो म्हणायचा.

मेख तिथंच होती. त्या सभेत नव्यानं लग्न झालेल्याला, वय कितीही असो, गाव डुकरांचा मुकादम, म्हणजे मोकाट डुकरं आवरणारा, निवडतं. डुकरं केव्हाच गेली, चेष्टा मात्र जुन्या काळापासून टिकून आहे.

फेब्रुवारीत जोथमच्या थडग्याचा पत्ता लागला. गुडघाभर बर्फात आर्डिस केरसुणीनं दगड झाडत होती.

"हळू!" मागून एल्विन ओरडला. "कप्तान आहे तो!"

"कप्तानाला म्हणावं, उन्हाळ्यात सापडायचं होतंस!"

जोथमचा दगड उघडा झाला. शेजारी अबिगेल, जोथमची बायको. मग पेशन्स, जोथमची बायको. मग मर्सी, तीही त्याचीच. आर्डिस मटकन बर्फात बसली आणि हसत सुटली.

"अरे शहाण्या, तीन लग्नं, तीन निवडणुका! डुकरांचा मुकादम होता तुझा कप्तान!"

एल्विनचा चेहरा पडला. "सगळं गाव हसेल गं."

"त्याला नसेल हसलं? दोन बायका पुरल्या त्यानं. तरी दर वेळी उभा राहिला गावापुढं. आणि तू एकदा उभं राहायला घाबरतोस!"

एल्विननं दगडांवरचं उरलंसुरलं बर्फ हातानं झाडलं. मग त्यानं तिला हात देऊन उठवलं.

"तो कोट... सभेच्या आधीच लग्न करू, त्यात घातला तर चालेल?"

"चालेल," आर्डिस बर्फ झटकत म्हणाली. "फक्त तलवार घरी ठेव. डुकरं हाकायला काठी लागते."