अनिमेषचा रिकामा डबा

लोहाऱ्याला एमआयडीसीच्या अलीकडच्या गल्लीत दीपाकडे लेकरू ठेवलं की आईबाप निर्धास्त होऊन कामावर जात. दीपा माहेरची बोरी अरबची, नवरा कपिल एमआयडीसीतल्या एका कंपनीत. स्वतःची सुरभी चार वर्षांची, आणि तिच्या जोडीला सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत लोकांची तीन लेकरं. तिच्या घरात नियम मोजकेच होते. हात धुतल्याशिवाय ताटाला शिवायचं नाही, भांडण केलं तर दोघांनीही कोपऱ्यात बसायचं, आणि अन्न टाकायचं नाही. हा शेवटचा नियम तिचा फार लाडका. शिळी पोळीसुद्धा कुस्करून फोडणी दिल्याशिवाय ती हातची जाऊ देत नसे. माणसाच्या चांगल्या सवयीसुद्धा कधी अंगाशी येतात, तसंच झालं.

अनिमेष आला तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याची आई गौरी कचेरीत नोकरीला. पहिल्या दिवशी तिने डबा दिला तो असा, की त्यात एका मोठ्या माणसाचं जेवण झालं असतं. आलूचा पराठा, तूप, मुगाचं वरण, वर बदाम. अनिमेषने चार घास खाल्ले आणि ओठ मिटले. दीपाने काऊचा घास केला, चिऊचा केला, मोबाईलसुद्धा दाखवला. साहेबांनी काही दाद दिली नाही. तिकडे एकाने पाणी सांडलं, दुसरी रडायला लागली. दीपाने डबा सुरभीपुढे सरकवला आणि म्हणाली, "घे माय, तू खा. टाकू नोको."

नेमका त्याच वेळी गौरीचा फोन आला. "जेवला का हो? की रडतोय?"

आवाज असा घाबरा, की आत्ता उठून येईल आणि लेकराला घेऊन जाईल. दीपाच्या तोंडून निघून गेलं, "जेवला ना ताई. सगळाच्या सगळा. तुम्ही टेन्शन नोका घेऊ."

गौरीचा जीव भांड्यात पडला आणि दीपाची वेळ निभावली. पण खोट्याचं असं असतं, की ते एकदा बोलून भागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला, आणि आज अर्धा ठेवला म्हणावं, तर काल कसा संपवला? दीपाने डबा घासला, पुसला आणि स्वच्छ पिशवीत ठेवला. मग रोजच तसं होऊ लागलं. अनिमेष चार घास खाई, सुरभी डबा संपवी. पोर शहाणी. जेवायची वेळ झाली की आपलं ताट न घेता अनिमेषच्या शेजारी मांडी घालून बसे आणि त्याचं कधी होतं याची वाट बघे.

गौरी मात्र खूश. लेकरू घरी छळतं आणि दीपाताईंकडे डबा फस्त करतं, असं ती कचेरीत सांगायची. त्या आनंदात तिने डबा वाढवला. कधी गाजराचा शिरा, कधी फल्लीदाण्याचा, म्हणजे शेंगदाण्याचा, लाडू. दीपा तो उघडायची आणि तिला क्षणभर ओशाळल्यासारखं व्हायचं. मग ती स्वतःची समजूत घालायची, की आपण काही चोरी करत नाही, टाकून द्यायचं ते पोर खातं. समजूत घालण्यात ती हुशार होती, हे कबूल केलं पाहिजे.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी अंगणवाडीच्या सोनीबाई वजनकाटा घेऊन गल्लीत आल्या. गौरी तेव्हा अनिमेषला न्यायला दारातच उभी होती. सोनीबाईंनी सुरभीला काट्यावर उभं केलं आणि हसल्या. "काय वो दीपा, काय चारून राह्यली पोरीले? दोन किलो वाढली ना!"

गौरीने हौसेने अनिमेषलाही चढवलं. सोनीबाईंनी वहीतलं त्याचं सहा महिन्यांपूर्वीचं वजन काढलं आणि काट्याकडे दोनदा पाहिलं. "याचं तं काहीच वाढलं नाई बाई."

"असं कसं?" गौरीचा चेहरा उतरला. "डबा तर रोज चाटूनपुसून खातो. हो ना, दीपाताई?"

बोलायची वेळ तीच होती. दोन्ही लेकरं समोर उभी, एकाचे गाल भरलेले, एकाची मान सैल कॉलरमध्ये काडीसारखी दिसत होती. दीपा म्हणाली, "व्हय." आणि आत जाऊन उगाच भांडी लावत बसली. त्या एका 'व्हय'ची तिला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण लाज वाटूनही ती बाहेर आली नाही.

मग गौरीने डॉक्टर गाठला. जंताचं औषध झालं, रक्त तपासून झालं, पुन्हा तपासून झालं. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, लेकरू इतकं खातं आणि अंगी लागत नाही, म्हणजे पोटातच काही असेल, नागपूरला दाखवा. बुधवारी सकाळी गौरी हे सांगताना रडली. "उद्या नेतोय. बेशुद्ध करून आतून बघतील म्हणे. दीपाताई, एवढंसं लेकरू हो."

अनिमेषच्या दोन्ही हातांवर चिकटपट्ट्या होत्या. दिवसभर तो त्या सगळ्यांना दाखवत हिंडला. दीपाने त्या दिवशी एक घाससुद्धा खाल्ला नाही. सांगितलं तर हे लेकरं सांभाळणं संपलं, गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. नाही सांगितलं तर उद्या या लेकराला टेबलावर निजवतील.

संध्याकाळी गौरी आली तशी दीपा चप्पल न घालताच अंगणात गेली. "ताई, नागपूरले नोका नेऊ. त्याले काही झालं नाई. तो जेवतच नाई. चार घास खाते अन् उठते. बाकीचं सुरभी खाते. मी तुमाले पहिल्या दिवसापासून खोटं सांगून राह्यली."

गौरीने अनिमेषच्या हातावरच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "दोनदा सुई टोचली त्याला." अनिमेषला कडेवर घेतलं आणि फाटकातून मागे वळून तिने विचारलं, "सुरभीला काय आवडायचं त्यातलं?"

तो टोमणा होता की खरंच विचारलं होतं, दीपाला कळलं नाही. अनिमेषला सांबार, म्हणजे कोथिंबीर, चालत नाही, वरणात गूळ लागतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सुरभीला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी कुणी येईल असं दीपाला वाटलं नव्हतं. पण नऊ वाजता गौरी आली, डब्याची पिशवी हातात दिली, आणि "किती खाल्लं ते खरं सांगा" एवढं म्हणून गेली.

एक वाजता दीपाने अनिमेषला मांडीवर घेतलं आणि पाऊण तास भरवलं. सात घास गेले. मग उरलेल्या डब्याला तिने झाकण लावलं आणि तो तसाच पिशवीत ठेवला. सुरभीपुढे तिने घरचा गरम वरणभात वाढला, वर तूप घातलं.

सुरभीने भाताला हात लावला नाही. ती बंद पिशवीकडे बघत राहिली, मग आईकडे. डोळे भरून आले होते.

"आई," ती म्हणाली, "मी काही चुकली का वो?"