मेलेलं ॲसिड

दारावरच्या पितळी पाट्या करणाऱ्या त्या माणसाला सगळे पाटीवाले म्हणत. पत्र्यावर तो काळं वॉर्निश चढवी, सुईनं त्यातून अक्षरं उघडी करी आणि पत्रा ॲसिडच्या ट्रेमध्ये सोडी. वॉर्निशखालचा धातू शाबूत राही. उघडा भाग ॲसिड खात जाई. अक्षरांवर बुडबुडे धरत, ते तो पिसानं हळूच बाजूला सारी. अशी तीस वर्षं. ॲसिड हिरवं पडलं, बुडबुडे थांबले, की म्हणे, "मेलं." मग उरलंसुरलं सोडा टाकून थंड करी आणि ओतून देई.

पोट दुखायला लागलं तेव्हा घरात त्या दुखण्याला एकच शब्द होता. पित्त. तो इतका सोयीचा शब्द, की त्यात अकरा वर्षं मावली. जागरण झालं, पित्त. चहा जास्त झाला, पित्त. चमचाभर सोडा पाण्यात ढवळून तो पिई, ढेकर देई आणि पुन्हा सुई उचली. शेजारच्या टेबलावर पत्रे कापणारा धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, ट्रे कशाला भरतोस? पाट्या सरळ गिळत जा. दुपारपर्यंत तयार."

दादा हसायचा. मग पोटात कोपर रुतवून बसायचा.

वजन उतरलं. दिवसातून दहादा संडासला धावावं लागे. जठरात दोनदा व्रण झाले, औषधानं भरले. तिसऱ्यांदा झाले ते बरेच खाली, आतड्यात, जिथं सहसा होत नाहीत. तेव्हा पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी पित्त हा शब्द पहिल्यांदा बाजूला ठेवला.

"काका, एक दुर्मिळ आजार असतो. आतड्याच्या भिंतीत किंवा स्वादुपिंडात बारीकशी गाठ होते. ती रक्तात एक संप्रेरक सोडते आणि जठराला सारखी सांगत राहते, ॲसिड कर, ॲसिड कर. जठर बिचारं हुकमाचं ताबेदार."

"म्हणजे ओतणारा वेगळा, ओतायला लावणारा वेगळा."

"अगदी. लावणारा सापडला पाहिजे. या गाठी पुष्कळदा कॅन्सरच्या असतात, पण सावकाश वाढतात. यकृतात पसरायच्या आत सापडली, तर काढता येते."

तपासणीसाठी व्रणांवरची रोजची कॅप्सूल आठवडाभर थांबवायची होती. ती ॲसिड दाबून टाकी, त्यामुळे खरा आकडा कळला नसता. तोवर एक सौम्य गोळी, आणि शौचाला काळं झालं तर तडक दवाखाना. "एरवी आपल्या मनानं बंद करायची नाही हं," बाई म्हणाल्या. "आणि आता आपल्या मनानं सुरूही करायची नाही. सोडाही नको."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता. तोंडातून आवाज नाही. टेबलावरची भांडी मात्र किणकिणत होती. बायको ते ऐकत राहिली.

चौथ्या दिवसापासून त्याला जरा बरं वाटू लागलं.

तपासणीच्या दिवशी नाकातून नळी घालून जठरातलं पाणी काढलं, दंडातून रक्त घेतलं. पुढच्या आठवड्यात नवरा-बायको आणि भाऊ, तिघं बाईंसमोर बसले.

"बातमी चांगली दिसते," बाई म्हणाल्या. "संप्रेरक वाढलंय, पण ॲसिड जवळजवळ नाहीच. ॲसिड कमी असलं की ते संप्रेरक आपोआप वाढतं. तो आजार असता तर ॲसिड भरपूर असतं. गाठ नसावी."

"बघ वहिनी," भाऊ म्हणाला. "उगाच सुकलीस."

पाटीवाला कागदाकडे बघत होता. "बाई, ॲसिड आपलं आपण मरत नाही. खायचं तेवढं खाऊन मरतं, नाहीतर कुणीतरी सोडा टाकतं. माझं तिसऱ्या दिवशी चांगलं जिवंत होतं."

"तुम्ही सोडा घेतलात?"

"चिमूटभरसुद्धा नाही. तुम्ही नको म्हणालात ना."

बायको पर्सची चेन लावत होती, उघडत होती. गाठ नसावी हे वाक्य खोलीत सगळ्यांना पुरेल एवढं होतं. ती गप्प बसली असती तर ते घेऊन चौघंही उठले असते.

"मी टाकला," ती म्हणाली. "म्हणजे सोडा नाही. कॅप्सूल. उघडून आतले दाणे केळ्यात कुस्करले. चौथ्या दिवसापासून रोज."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"तुमच्याकडे बघवत नव्हतं हो."

"तरीच," तो म्हणाला. "म्हटलं, केळं कडू का लागतंय."

बाईंनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला आणि लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. "बरं झालं बोललात. मी फाइल बंदच करणार होते."

दुसऱ्या तपासणीसाठी कॅप्सूल पुन्हा थांबवून त्याला दाखल करून घेतलं. नर्स दर दोन तासांनी येई. बायको पलंगाशेजारच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसे. या वेळी बघणं एवढंच तिचं काम होतं. या वेळचा आकडा खरा होता: जठर ॲसिडनं काठोकाठ, संप्रेरक कितीतरी पट. मग स्कॅनमध्ये आतड्याच्या भिंतीत एक ठिपका उजळला, त्याच्या लगत दुसरा. दोन्ही काढले.

"थोरली गाठ केवढी होती?" शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं.

"तांदळाच्या दाण्याएवढी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे माझ्या पाटीवरचं टिंब."

घरी आल्यावर त्यानं औषधांचा डबा बायकोपुढे सरकवला. जठराला जुनी सवय होती. कॅप्सूल चालूच ठेवायची होती. "तूच देत जा," तो म्हणाला. "पण सांगून."

त्यानंतर रोज सकाळी त्या घरात दोन शब्द ऐकू येत. ती म्हणे, "कॅप्सूल." तो म्हणे, "कळलं." मग तो दुकानात जाई आणि सुई उचली.

ऑपरेशननंतर नवव्या वर्षी, नेहमीच्या स्कॅनमध्ये, यकृतात ठिपके दिसले. रिपोर्ट घ्यायला भाऊ आणि बायको गेले होते. जिन्यात भाऊ थांबला. "वहिनी, दादाला एवढ्यात नको सांगायला. हात थरथरतील त्याचे. अर्धी पाटी टेबलावर आहे."

ती पायऱ्या उतरली. दुकानात तो ट्रेवर वाकला होता. पिसानं बुडबुडे सारत होता. तिनं तो पत्रा बाहेर काढून धुवेपर्यंत वाट पाहिली, मग समोर बसली आणि जे कागदावर होतं ते सगळं सांगितलं.

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"कळलं," तो म्हणाला.