दाजींचा विद्यार्थी

या जगात सरळ उभी असलेली एकही वस्तू नाही, असं आमच्या दाजींचं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशानं बांधकामाचे इंजिनियर. पस्तीस वर्षं साइटवर उन्हात उभं राहून त्यांचा रंग आणि स्वभाव दोन्ही भाजून निघालेत. देवळात गेले तर देवाच्या आधी खांबाकडे बघतात. लग्नाला गेले तर मांडवाचा बांबू हलवून बघतात आणि नवरदेवाच्या काकाला बाजूला घेऊन सांगतात, "अक्षता पडेपर्यंत टिकेल. पंगत मात्र बाहेर बसवा." आमच्याकडे मुलगी बघायला आले, तेव्हा ताई बशा घेऊन बाहेर आली आणि हे गृहस्थ तिच्या डोक्याच्या वर दीड हातावर नजर लावून बसले. मुलानं मुलीकडे ढुंकूनही बघितलं नाही म्हणून माझे वडील खचले. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'मुलगी पसंत आहे. माळ्याखालच्या तुळईला तडा आहे, तो कार्याआधी बघून घ्यावा.' वडिलांनी आधी तडा बुजवला, मग मुहूर्त काढला.

मी डोंबिवलीत फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला दाजी आले नसते तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणतो. गुरुजी मंत्र म्हणतायत आणि दाजी स्कूटरच्या किल्लीनं एकेक फरशी ठोकत हॉलभर रांगतायत. टक्, टक्, टक्, बद्द. बद्द आवाज आला की खडूची फुली. गुरुजींची लय दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी होमात तूप टाकायचं थांबून विचारलं, "हा तुमच्याकडचा कुळाचार आहे का?" आरतीनंतर शिऱ्याची वाटी हातात घेऊन दाजींनी जाहीर केलं, "चौदा फरश्या पोकळ आहेत. बाकी घर चालून जाईल." 'चालून जाईल' ही त्यांच्याकडची सगळ्यात वरची पदवी. ताईच्या पुरणपोळीला ती एकदाच मिळालीये आणि ताई ते अजून पाहुण्यांना सांगते. फरश्या दोन वर्षांत उखडल्या. मी मोजायचं टाळलं. बायकोनं मोजल्या, चौदा भरल्या.

घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर त्यांनी उच्छाद मांडलेला आहे. कुणी बारशाचा फोटो टाकावा, चाळीस जणांनी हार-फुलं आणि बदाम पाठवावेत आणि एक्केचाळिसावा निरोप दाजींचा यावा, 'बाळाच्या मागच्या भिंतीला ओल आहे. वरच्यांचं बाथरूम तपासा.' एकदा छातीत दुखतं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठं त्रास होतोय?" दाजींनी छताच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना वाटलं, झटका डोक्यात गेला.

पण या माणसाच्या मनात एक हुरहुर होती आणि ती मला ताईकडून कळली. दाजी पाया घालण्यात वाकबगार. त्यामुळे कुठलीही इमारत निम्मी वर आली की कंपनी त्यांना उचलून पुढच्या साइटवर, पुढच्या खड्ड्यात नेऊन ठेवी. पस्तीस वर्षांत त्यांनी इतके पाये घातले, पण शेवटचा स्लॅब एकाही इमारतीचा त्यांच्या वाट्याला आला नाही. वर नारळ फुटायचा तेव्हा हे दुसरीकडे चिखलात. घोडबंदर रोडचा बत्तीस मजली टॉवर ही त्यांची शेवटची साइट होती, वयाची साठी तिथंच भरत होती. त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कंपनीकडे काही मागितलं. ठाकुर्लीच्या घरी बसून स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, की मला या टॉवरचा वरचा स्लॅब भरेपर्यंत ठेवा.

नेमका तेव्हाच कंपनीच्या हेड ऑफिसला एआयचा साक्षात्कार झाला होता. कुणी एक मोठे साहेब परदेशात तीन दिवस भाषणं ऐकून आले आणि येताना यंत्राची कल्पना घेऊन आले. स्लॅब भरण्याआधी सळयांची जाळी बांधतात, तिचे फोनवर फोटो काढायचे आणि यंत्रानं ते बघून क्षणात सांगायचं, 'भरा' किंवा 'थांबा'. न थकता, न चिडता, चहा न पिता. "चहा न पिता स्लॅब भरता येतो, हे नव्यानं कळलं," दाजी म्हणाले. आता यंत्राला शिकवायला कुणीतरी जाणता माणूस लागतो. तेव्हा साहेबांनी दाजींच्या अर्जावर मोठ्या मनानं शेरा मारला, की यंत्र शिकून तयार होईपर्यंत किंवा वरचा स्लॅब भरेपर्यंत, जे आधी होईल ते. मी ठाण्यात विम्याच्या ऑफिसात आहे. 'जे आधी होईल ते' हे शब्द ज्या कागदावर असतात, तो कागद कुणाच्या फायद्याचा असतो, हे मला विचारा.

यंत्राची व्यवस्था बघायला पुण्याहून एक तरुण इंजिनियर बाई आल्या. मुलीच्या वयाच्या, पण दाजी त्यांना अदबीनं 'मॅडम' म्हणत. त्यांनी दाजींना साइटवरच्या एसीच्या खोलीत बसवलं. पस्तीस वर्षांत प्रथमच सावलीत बसल्यामुळे दाजींना सर्दी झाली. समोर एकेक फोटो येणार, त्यावर 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं आणि खाली कारण लिहायचं, हे काम. ज्या माणसानं लग्नाच्या पोस्टकार्डातही तुळई सोडली नाही, त्याच्या हाती आयते हजारो फोटो आणि लिहायला जागा! 'हे बांधलंय की वाळत घातलंय?' सळई खालच्या फळीला टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे ठोकळे ठेवतात, ते दिसले नाहीत तर, 'ठोकळे कुठायत? खिशात?' आणि फारच चीड आली की, 'ज्यानं हे केलं त्याला या स्लॅबखाली झोपायला सांगा.'

तेव्हा टॉवरचे चार स्लॅब राहिले होते. एका रविवारी मी ठाकुर्लीला गेलो, तर ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, तू तरी सांग ना त्यांना. एवढी घाई कशाला करतायत? रोज रात्रीचं जेवण झालं की परत फोटो घेऊन बसतात. सावकाश शिकवा म्हणावं. चार मजल्यांचा तर प्रश्न आहे." मी बाहेर जाऊन माझ्या स्वभावाप्रमाणे शहाणपणा केला. म्हटलं, "दाजी, दहातले दोन फोटो उलटे मारा. यंत्र जरा गोंधळेल. तेवढ्यात तुमचा वरचा स्लॅब होऊन जाईल. कुणाला कळणारे?"

दाजींनी कप खाली ठेवला. "चुकीचं शिकवू? अरे, उद्या ते यंत्र दुसऱ्या साइटवर नेतील. तिथं मी नसणार. त्या स्लॅबखाली कुणीतरी पोरंबाळं घेऊन राहायला येणार ना?"

मला लाज वाटली. मी बिस्किट खात राहिलो. आणि दाजी त्या दिवसापासून रविवारीही बसायला लागले. स्वतःच्या निरोपाची तारीख इतक्या तत्परतेनं जवळ ओढणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

परीक्षेच्या दिवशी मोठे साहेब स्वतः तिसाव्या मजल्यावर आले. चाळीस जागांचे चाळीस फोटो काढले. यंत्रानं चाळीस वेळा सांगितलं, 'थांबा'. साहेबांना वाटलं, फोनमध्ये दोष आहे. त्यांनी आपला महागडा फोन काढून स्वतः एक फोटो घेतला. यंत्रानं तत्काळ उत्तर दिलं, 'कुणी तपासलं हे? चष्मा घरी राहिला का?' यंत्र नुसतं दाजींचं काम नाही, त्यांची जीभही शिकलं होतं. सळया बांधणाऱ्यांचा मुकादम सवयीनं त्या फोनलाच म्हणाला, "हां साहेब, अभी करतो!" आणि बावीस माणसं पक्कड घेऊन कामाला लागली.

साहेबांना यात गंमत दिसली नाही. त्यांनी आधी माणसांना जागच्या जागी थांबवलं. नोकरी टिकवायला म्हाताऱ्यानं मुद्दाम यंत्र बिघडवलं, असा आरोप त्यांनी तिथंच सगळ्यांसमोर केला. तो सल्ला ज्यानं दिला होता, तो तेव्हा ठाण्यात पंख्याखाली सुखरूप बसला होता. संध्याकाळी ताईनं फोन करून सांगितलं, की दाजी आले आणि बूटही न काढता खुर्चीत बसून आहेत.

मॅडमनी मात्र ते मनावर घेतलं. चाळीस फोटो छापून घेतले, हेल्मेट घातलं आणि दोन दिवस त्या जाळ्यांवर ओणव्या होऊन एकेक जागा हातानं चाचपली. खाली उतरल्या तेव्हा हात सोलवटलेले होते. साहेबांना म्हणाल्या, "सर, चाळीसच्या चाळीस करेक्ट आहेत. एक पण फॉल्स नाहीये. सगळीकडे काही ना काही आहेच."

"मग आजवरचे एकोणतीस मजले कसे उभे राहिले?" साहेबांनी विचारलं.

याचं उत्तर मुकादमानं दिलं. "साहेब, हे शिव्या देतात, मग आम्ही सुधारतो. तोपर्यंत हे हलत नाय तिथनं. मागच्या टायमाला तर सोताच तार पिळत बसलेले." यंत्र बिचारं 'थांबा' म्हणून मोकळं होत होतं.

पुढे काय व्हावं? साहेबांनी दाजींची माफी मागितली, हे कबूल करायला हवं. आणि त्याच दमात त्यांना कळवलं, की यंत्र उत्तम तयार झालं आहे, फक्त त्याची शिस्त जरा सैल करून घेऊ, आणि भाषाही. म्हणजे शिक्षण पूर्ण. जे आधी होईल ते. मॅडमनी दाजींसाठी हेड ऑफिसला दोन मेल टाकले, त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. एकतिसावा स्लॅब भरला त्याच आठवड्यात दाजींना निरोपाचं पत्र मिळालं. त्यात त्यांना 'अमूल्य संपत्ती' म्हटलं होतं. पत्र एआयनंच लिहिलं असावं, कारण साहेबांना अमूल्य हा शब्द येत नसावा. वरचा एक स्लॅब राहिला.

त्या स्लॅबच्या दिवशी दाजींना पाहुणे म्हणून बोलावलं. सोबत मी गेलो. गेटाजवळ मांडव, गालिचा, शाल, श्रीफळ. दाजींनी विचारलं, "वर जाऊन येऊ का?" तर उत्तर आलं, की आता ते कर्मचारी नाहीत, तेव्हा विम्याच्या नियमात बसत नाही. विम्याचं नाव निघाल्यावर मी मान खाली घातली. शाल पांघरून दाजी खुर्चीत बसले. माना वर करकरूनही बत्तिसावा मजला काही दिसत नाही. नुसता काँक्रीटचा पंप धडधडत होता आणि भिंतीवरून चढत गेलेला पाइप हिसके देत होता.

साहेबांनी भाषणात सांगितलं, की यंत्र आता नुसते फोटो बघत नाही, आजचा सगळा बेतही त्याचाच आहे. घोडबंदरची वाहतूक धरून काँक्रीटच्या गाड्या मिनिटामिनिटानं आखल्या आहेत. खरंच, गाड्यांत खंड नव्हता. साडेबाराला दाजींनी घड्याळ बघितलं आणि मॅडमना हाक मारली. "जेवणाचं काय ठरलंय?"

"एकला ब्रेक आहे ना सर. प्लॅनमध्ये आहे. सगळे खाली येतील."

"सगळे एकदम?"

मॅडमनी बोटांवर हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. साठ माणसं बत्तीस मजले खाली उतरून, जेवून वर जायची म्हणजे दीड तास. तेवढ्या वेळात त्या उन्हात भरलेली कड सुकते, पुढचं काँक्रीट तिला नीट धरत नाही आणि त्या जोडातून ते छप्पर जन्मभर गळतं. म्हणून स्लॅबच्या दिवशी कुणी खाली उतरत नाही. जेवण वर जातं आणि माणसं पाळीपाळीनं खातात. एकतीस वेळा दाजींनी हे गुपचूप जमवलं होतं. जेवणाचा फोटो कुणी काढला नव्हता, यंत्राला कुठून कळणार?

दाजींनी शाल काढून खुर्चीवर टाकली. मागे जाऊन भाजीची पातेली उघडली आणि मला म्हणाले, "ये इकडे. ताटं नकोत. पोळीत भाजी गुंडाळ, हातात धरून खाता येईल अशी. दहा-दहाची तुकडी कर." मी आयुष्यात पहिल्यांदा शर्टाच्या बाह्या वर केल्या. बोटं भाजली. मॅडम पहिली टोपली घेऊन मालाच्या लिफ्टनं स्वतः वर गेल्या. मग दुसरी, मग तिसरी. पंप क्षणभरही थांबला नाही. मांडवात साहेबांचे फोटो काढणं चालू होतं, त्यांना यातलं काही कळलं नाही.

संध्याकाळी पंप थांबला. वरून मोठी आरोळी आली. दाजी नळाशी हात धूत होते, ते ओल्या हातानंच थोडा वेळ वर बघत राहिले. मग मला म्हणाले, "शेवटच्या तुकडीला भाजी पुरली का रे?"

"पुरली," मी म्हटलं.

परतताना गाडी शीळफाट्याला तासभर अडकली. दाजी शेजारी बसून गाढ झोपले होते. तीस वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो, आणि ते आमच्या घरात आले हे आमचं किती मोठं नशीब, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. त्या दिवशी सांगणार होतो. पण उठवायचा धीर झाला नाही. स्वतः बांधलेली इमारत अगदी वर उभं राहून कशी दिसते, हे दाजींना अजून माहीत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.