कडेवरचा फोड

माझ्या आजीला कामाचा कंटाळा होता, पण कामाचं नाव मात्र सगळं आपलंच व्हावं असं वाटे. धाकट्या भावाला दिवसभर कडेवर मी वागवायची. सांजेला बाबा वावरातून येताना दिसले की ती त्याला माझ्याकडून ओढून घ्यायची आणि म्हणायची, पोराच्या ओझ्यानं माझी कमर गेली, अन् ही पोरगी शाळेत जाऊन आळशी झाली. बाबांनी ठरवूनच टाकलं होतं, दिवाळीनंतर माझी शाळा बंद.

त्या पावसाळ्यात रिठदकडच्या आमच्या गावात लेकरांना फोड येत होते. लाल, ओले, माशा घोंगावणारे. आधी शेजारच्या पोरांना आले, मग त्यांच्यासोबत उघडंनागडं लोळणाऱ्या माझ्या भावाला, डाव्या गुडघ्याच्या आतून. आजीने शेजारणीची नजर ठरवून मिरच्या ओवाळल्या. ठसका साऱ्या घराला लागला, फोड जागेवरच राहिला. पुढे तसाच एक माझ्या कमरेवर उठला. आजी म्हणाली, चोरून गूळ खात असशील.

या फोडांवर सुई टोचणारा सरकारी माणूस आला तो नेमका पोळ्याच्या दिवशी. बैलांना सुट्टी, म्हणून बाबाही घरी, अंगणात शिंगं रंगवत होते. त्या माणसाने आमच्याच चुलीवर सुया उकळायला ठेवल्या, भावाचा पाय पाहिला आणि विचारलं, याला कडेवर कोण घेतं?

"मीच. दुसरं कोन हाय?" आजी म्हणाली.

तो म्हणाला, हा फोड अंगाला अंग घासून पसरतो. पोराचा पाय जिथे घासतो तिथेच घेणाऱ्याला उठतो. "मग आधी सुई तुम्हाला, आजी."

आजीने पातेल्यातली सुई पाहिली.

"मले कायले? ही पोट्टीच त्याले घेऊन हिंडते दिवसभर. मी तं हातबी नाही लावत."

मी परकराची कमरेवरची कड जरा खाली केली. बाबांनी फोड पाहिला, आजीकडे पाहिलं आणि रंगाचा बोळा खाली ठेवला.

"माय, उद्यापासून तूच घेशीन त्याले. पोरगी शाळेत जाईन."

तेवढ्यात सुईवाला म्हणाला, एका घरात राहता, एका गोधडीत निजता, तेव्हा सुई सगळ्यांनाच. आजीचं खरं बोलणं फुकट गेलं.

मी चौथी पास झाले. आजीला फोड कधीच आला नाही. कमर मात्र खरंच दुखायला लागली.